अ‍ॅप म्हणतं इथे, गोळी लागते तिथे

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. ठाणे स्टेशनचा फलाट, घामाने डबडबलेली गर्दी.)

लांब पल्ल्याच्या नेमबाजीचं अ‍ॅप सांगतं तिथे गोळी का लागत नाही? सुरुवात हवेपासून. ठाण्याची ही हवा तुम्हाआम्हाला जड वाटते. रायफलच्या गोळीला मात्र ती हलकी लागते. उष्णतेने हवा विरळ होते हे शाळेत शिकलोच. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, यावर मात्र चटकन विश्वास बसत नाही. पाण्याचा रेणू नायट्रोजनच्या रेणूपेक्षा हलका, एवढंच त्यामागचं कारण.

गोळी किती खाली येईल हे सांगणारं अ‍ॅप बहुधा प्रमाण हवा धरून बसलेलं असतं: 15 अंश सेल्सिअस, 1013 हेक्टोपास्कल. आता 15 अंश ठाण्यात कधी? एखाद्या जानेवारीच्या पहाटे, तेही नशिबात असेल तर! 33 अंशांच्या दमट दुपारी इथली हवा त्या प्रमाण हवेपेक्षा साधारण 8 टक्के विरळ असते. अडथळा कमी, म्हणून लांबच्या पल्ल्यावर गोळी हिशेबापेक्षा वर लागायला हवी.

(दृश्य: इनडोअर रेंज. नेमबाज स्कोपचा, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीचा, टरेट (नेम वरखाली करायची चकती) फिरवतो.)

पण नेमबाजांची तक्रार बहुतेक वेळा उलटीच असते. गोळी खाली लागते.

इथे काडतुसाचा खोका हातात घ्या. त्यावर छापलेला वेग कंपनीने स्वतःच्या चाचणीच्या बंदुकीच्या नळीतून मोजलेला असतो. तुमची नळी आखूड असेल, तर वेग बहुधा कमीच मिळणार. आणि वेग दोन टक्क्यांनी चुकला, की गोळीची घसरण जवळपास चार टक्क्यांनी चुकते.

2024 साली पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने ज्या 50 मीटरवर कांस्यपदक जिंकलं, त्या अंतरात पॉइंट टू-टू (.22) रायफलची गोळी सुमारे 12 सेंटिमीटर खाली येते. दहा गुणांचं वर्तुळ मात्र जेमतेम 10.4 मिलिमीटरचं! तरीही तिथे अ‍ॅप लागत नाही, कारण रायफल त्याच अंतरावर झिरो केलेली, म्हणजे नेम धरल्या जागीच गोळी लागेल अशी जुळवलेली असते. घसरण त्यातच जिरते. अडचण सुरू होते ती 100 मीटरवर झिरो करून 600-800 मीटरवर मारताना. तिथे घसरण मीटरमध्ये मोजायची, आणि त्यातले चार टक्के म्हणजे हातभर चूक.

(दृश्य: महाबळेश्वर, धुकं.)

हवेच्या दाबाचा घोळ ठाणेकराला घरी कळतच नाही. हवामानाचं अ‍ॅप दाखवतं तो दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. ठाणं समुद्रसपाटीलाच, म्हणून फरक पडत नाही. महाबळेश्वरला, जवळजवळ 1,350 मीटर उंचीवर, फोन 1010 च्या आसपास आकडा दाखवेल आणि खरा दाब असेल 870 च्या आतबाहेर. फोनवरचाच आकडा खरा दाब म्हणून भरला, तर गोळीच्या अ‍ॅपच्या लेखी तुम्ही अजून ठाण्यातच आहात.

(दृश्य: क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रामधून जाणारी गोळी.)

आकडे जुळले नाहीत की बरेचजण बीसी, म्हणजे बॅलिस्टिक कोएफिशंट (गोळी हवेचा अडथळा किती सहज कापते याचा आकडा), खालीवर करतात. माझ्या मते ही सगळ्यात वाईट सवय. चुकीचा वेग आणि चुकीचा बीसी एका अंतरावर एकमेकांना झाकतात. 500 मीटरवर अगदी बरोबर, 800 ला पुन्हा चूक. शिवाय बीसी मोजायला जी-वन आणि जी-सेव्हन असे गोळीच्या आकाराचे दोन नमुने वापरतात; बीसी जी-वन मोजमापाचा आणि अ‍ॅपमध्ये निवडलं जी-सेव्हन, असंही होतं. लांब, निमुळत्या शेपटीच्या गोळीला जी-सेव्हन बरं. जी-वनचा मूळ नमुना जुन्या, सपाट बुडाच्या गोळ्याचा.

म्हणून आधी स्वतःच्या रायफलचा वेग क्रोनोग्राफवर मोजायचा, तोही त्या दिवसाच्या तापमानात, कारण काडतुसातली दारू तापली की वेग बदलतो. मग नळीच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंतची उंची पट्टीने घ्यायची. मग स्कोप तपासायचा. 100 मीटरवर उंच कागद ओळंब्यात लावायचा, टरेटचे ठरावीक क्लिक (टप्पे) द्यायचे, आणि गोळी खरंच तितकी वर सरकते का ते टेपने मोजायचं. काही स्कोप 40 क्लिक फिरवल्यावर 38 चंच काम करतात. बीसीला हात लावायचा तो यानंतर.