काळी चारमधला जुना किल्ला

(दृश्य: पहाट. घाटातून दिसणारा देवगिरी. धुकं. फक्त वाऱ्याचा आवाज.)

हा देवगिरी, दौलताबादचा किल्ला. खुलताबादला जाणाऱ्या घाटात, सीताफळाच्या झाडांत उभं राहिलं की तो असा दिसतो. आधी चांदमिनार वर येतो, मग हळूहळू अख्खा डोंगर.

आता जे सूर ऐकू येतील, ते मात्र दुसऱ्या एका किल्ल्याचे आहेत.

(दृश्य: सॅक्सोफोनची पेटी उघडते. हातांचा क्लोजअप.)

मास्तर जालन्याचे. लग्नाच्या बँडमध्ये गेली बत्तीस वर्षं सॅक्सोफोन वाजवतायत. वाद्याची झिलई उडालीय, खालच्या एका चावीला रबरबँड लावलाय. जिभेवर धरून ते जी ओली करतायत ती रीड, बोरूच्या कुळातल्या गवताची पातळ पट्टी. सगळा आवाज हिच्यातून निघतो. म्हणूनच अंग पितळेचं असलं तरी सॅक्सोफोन क्लॅरिनेटच्या, सनईच्या घरातला. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सनं १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं.

आणि समोरच्या या देवगिरीवर, यादव राजा सिंघणाच्या दरबारात, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात वाद्यांचा एक अख्खा अध्याय आहे. फुंकून वाजणारी ती सुषिर वाद्यं. मास्तरांच्या हातातलं वाद्यही त्याच रांगेत बसतं. ते वरातीत वाजतं म्हणून रांगेबाहेर जात नाही.

(दृश्य: मास्तर वाजवू लागतात. पूर्ण पहिली ओळ. निवेदन नाही.)

ही रचना ‘जुना किल्ला’. रशियन संगीतकार मुसोर्गस्कीनं १८७४ मध्ये ती पियानोसाठी लिहिली. त्याचा मित्र हार्टमान आदल्या वर्षी अकाली गेला होता. मित्राच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, ते पाहून त्यानं एकेका चित्रावर एकेक रचना केली. या चित्रात इटलीतला एक मध्ययुगीन किल्ला होता आणि त्याच्यासमोर गाणारा एक फिरस्ता गायक. ते चित्र आज कुठेही नाही. त्या गायकाचं गाणं तेवढं उरलंय.

पुढे १९२२ मध्ये फ्रान्सच्या रावेलनं हे सगळं ऑर्केस्ट्रासाठी बांधलं. व्हायोलिनं होती, ओबो होता, पण गायकाचा आवाज त्यानं दिला आल्टो सॅक्सोफोनला. त्या संपूर्ण मालिकेत सॅक्सोफोन फक्त याच रचनेत वाजतो. वादक बाकीचा सगळा वेळ वाद्य मांडीवर घेऊन बसून राहतो. एका गाण्यासाठी एवढा मान या वाद्याला क्वचितच मिळाला असेल.

(दृश्य: वहीचं पान. पेन्सिलीनं लिहिलेले सा रे ग.)

ही मास्तरांची वही. पुढच्या पानांवर इसाराचे आकडे, मागून ही सुरावट. एका दुपारी मी त्यांना मोबाइलवर रचना ऐकवली. दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा वही काढली. सगळं कानानं उतरवलं.

पट्टी आहे जी शार्प मायनर. आपल्याकडच्या भाषेत सा काळी चारला, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर. गंधार, धैवत, निषाद कोमल. मास्तर म्हणाले, “हा तर आसावरीचा गाव.” आसावरी रागाच्या हिशेबानं ढोबळमानानं खरंच आहे ते. खाली ऑर्केस्ट्राच्या खर्जात काळी चारचा सूर जवळजवळ शेवटपर्यंत धरलेला असतो. वर गाणं कुठेही जाऊ दे, खालचा सूर हलत नाही. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, तंबोरा आपण लहानपणापासून ऐकतो. मास्तरांनी मोबाइलवर तंबोरा लावला, काळी चारवर. झालं, ऑर्केस्ट्रा उभा राहिला.

एक गंमत बघण्यासारखी आहे. बोटं बघा, ती एफवर, म्हणजे एका पांढऱ्या पट्टीच्या सुरावर आहेत. कानाला येतोय काळी चार. आल्टो सॅक्सोफोन हा असाच बांधलेला असतो: सी धरला की काळी दोन ऐकू येते. त्यामुळे पियानोवर पाच काळ्या पट्ट्यांची ही अवघड पट्टी मास्तरांच्या बोटांखाली चार कोमलांची होते.

(दृश्य: मास्तरांचा पाय, ठेका धरलेला. चपलेखाली वाळलेली पानं.)

आणि लय. एका मापात सहा, तीन-तीनचे दोन झोके. दादऱ्याच्या सहा मात्राच म्हणा, पण अगदी ठाय. स्वरलिपीच्या डोक्यावर इटालियनमध्ये तीन गोष्टी लिहिल्यात: संथ, खूप गेय, आणि वेदनेनं.

“वरातीत पोरं म्हणतात, मास्तर, फास्ट घ्या. फास्टमध्ये चुकलेलं झाकतं,” मास्तर सांगतात. “हे लई हळू आहे बघा. एक सूर धरायचा म्हणजे पोटातून हवा सोडावी लागते, थेंब थेंब. सूर हलला की सगळ्यांना कळतंय.”

पहिल्या दिवशी ओळीच्या मधेच त्यांचा दम तुटायचा. मग त्यांनी श्वासाच्या जागा वहीत छोट्या फुल्यांनी मांडल्या. ओळ संपते तिथं नाही, तर शब्द संपावा तिथं. गाणारा माणूस असाच श्वास घेतो. चार दिवसांत तीन फुल्या खोडल्या गेल्या. त्या खोडलेल्या फुल्या बघा, पानाच्या उजव्या कडेला.

(दृश्य: भिंतीवरचा बँडचा जुना फोटो. लाल कोट.)

या फोटोत एकवीस जण आहेत. डीजे आले, सुपाऱ्या घटल्या. आता सात उरलेत.

(दृश्य: घाट. मास्तर उभे, मागे किल्ला. पूर्ण रचना, सलग.)

(सूर थांबल्यावर.)

रीड काढायची, पुसायची, चपट्या डबीत ठेवायची. नळीतून फडकं ओढून घ्यायचं. रबरबँड एकदा चाचपून बघायचा.

आज तिथी आहे. संध्याकाळी सहाला बदनापूरला वरात. मास्तर म्हणतात, “निघू या, पोरं वाट बघत असतील.”

(दृश्य: मोटारसायकल घाट उतरते. पेटी पाठीला.)