मीठ संपणार आहे म्हणे!

नमस्कार मंडळी. बोर्डावर लिहिलंय "मानसशास्त्रीय युद्धाचा उगम आणि संवादशास्त्र". नाव जड वाटतं, पण विषय आपल्या घरातलाच आहे. आता इंदुरात मराठी माणसांपुढे युद्धावर बोलायचं आणि पानिपत टाळायचं हे काही होणार नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. मल्हारराव का निघाले तो वाद मात्र चहाच्या वेळी, नाहीतर आजचं व्याख्यान त्यातच संपेल.

१४ जानेवारी १७६१. विश्वासराव पडले, आणि भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. माणूस म्हणून बघा, केवढं शौर्य आहे ते! पण मागे हजारो लोक त्या अंबारीकडे बघत बघत लढत होते, त्यांना अंबारी रिकामी दिसली आणि फौजेचा धीर सुटला. कुणी ओरडून काही सांगितलं नव्हतं. रिकामी अंबारी एवढाच निरोप होता, आणि तो एकाच वेळी सगळ्यांना पोचला.

तेव्हा शत्रूचं मन मोडायचं शास्त्र युरोपातून आलं असं कुणी म्हटलं की मला राग येतो. आपल्याकडे द्रोणाचार्यांच्या हातातलं शस्त्र "नरो वा कुंजरो वा" एवढ्या शब्दांनी खाली ठेवायला लावलंय. कर्णाच्या रथावर शल्य बसलाय तो सारथ्य कमी आणि तेजोभंग जास्त करतोय. आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं तेरावं अधिकरण उघडा, सुरुवातीलाच सांगितलंय की शत्रूचं ठाणं घ्यायचं असेल तर राजा सर्वज्ञ आहे, देवांशी त्याचं बोलणं आहे असं पसरवा, आपल्या लोकांना हुरूप येईल आणि समोरचे धास्तावतील. हे काम कुणी करायचं, कसं करायचं, तेसुद्धा लिहून ठेवलंय.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि ते मला कुठल्या पुस्तकानं नाही, माझ्या आजीनं शिकवलं.

डिसेंबर १९७१, पाकिस्तानशी युद्ध चाललेलं. मी तिसरीत होतो, आम्ही रामबागेत राहायचो. खिडक्यांच्या काचांना निळे कागद चिकटवलेले, संध्याकाळी दिवे बंद, आणि बाबा रेडिओला कान लावून बसलेले. एका सकाळी दूधवाले भैय्या आजीला म्हणाले, गुजरातच्या गाड्या बंद होणार, मीठ संपणार. झालं! आजीनं मला पिशवी दिली आणि वाण्याकडे पिटाळलं. बाबा म्हणाले, "अगं आई, रेडिओवर असं काहीही आलेलं नाही." त्यावर आजी काय म्हणाली माहितीये? "रेडिओवाले आपल्याकडे दूध घालतात का रे? भैय्या बारा वर्षं दारात येतोय, तो कशाला खोटं बोलेल?"

मी पाच किलो मीठ आणलं, खांदा दुखला ते अजून आठवतंय. समोरच्या काकूंनी ते बघितलं, त्यांनी दहा किलो आणलं. काकूंचं बघून मागच्या वाड्यातल्यांनी पोतंच उचललं. आणि संध्याकाळी वाण्याकडचं मीठ खरोखरच संपलं! म्हणजे सकाळी जी अफवा होती ती संध्याकाळी बातमी झाली, आणि भैय्यांची पत आणखी वाढली. बाबा रात्रभर घुमे बसले होते. मी पुढे पंचवीस वर्षं पत्रकारितेचे वर्ग घेतले, पण यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता त्याच आठवड्यात बघा काय घडत होतं. ११ डिसेंबरला आपले छत्रीधारी सैनिक पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ उतरले, साधारण ७००. दिल्लीतून पेपरांना जो फोटो दिला गेला तो आग्र्याच्या जुन्या सरावातला होता, आकाशभर छत्र्या! परदेशी पेपरांत तो छापला गेला, बीबीसीवरून ५००० चा आकडा गेला. ढाक्यात अडकलेल्या पाकिस्तानी सैन्याचा स्वतःच्या रेडिओवर विश्वास उरला नव्हता, पण बीबीसीवर होता. त्यांचा दूधवाला बीबीसी होता हो! वरून माणेकशांची पत्रकं पडत होती, की शस्त्रं खाली ठेवा, जिनिव्हा कराराप्रमाणे वागवू. १६ तारखेला शरणागती, सुमारे ९३,००० युद्धकैदी. हे एकट्या फोटोनं झालं असं मी म्हणत नाही, रक्त सांडलंय तिथे. पण फोटोनं काम केलं, आणि केलं ते विश्वासातल्या माणसाच्या तोंडून गेला म्हणून.

आयोजकांची चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं. मग जे सांगायचं कबूल केलं होतं ते भराभर सांगतो.

माझी तक्रार संवादशास्त्राच्या अभ्यासक्रमाबद्दल आहे. मी एका कॉलेजात शिकवायचो, तिथे पहिल्याच आठवड्यात लासवेलचे पाच प्रश्न फळ्यावर बाण काढून पाठ करून घ्यायचे: कोण म्हणतो, काय म्हणतो, कुठल्या मार्गानं, कुणाला, आणि परिणाम काय. १९४८ चं सूत्र. पण हा लासवेल कोण, तर १९२७ साली पहिल्या महायुद्धातल्या प्रचारतंत्रावर पुस्तक लिहिणारा माणूस! हे पाच प्रश्न तोफांच्या धुरातून आलेत हे मुलांना कुणी सांगतच नाही. मी सांगायला लागलो तर मला म्हणाले, सर, परीक्षेत येत नाही.

तर बघा. १९१४ ला लंडनमधे वेलिंग्टन हाउस या सरकारी कचेरीतून गुपचूप युद्धप्रचार सुरू झाला. १९१७ ला अमेरिकेत क्रील यांच्या सरकारी प्रचार समितीनं ७५,००० च्या आसपास स्वयंसेवक उभे केले, सिनेमात रीळ बदलायला चार मिनिटं लागायची तेवढ्यात उठून भाषण करायचं, आणि वक्ता त्याच गावातला, ओळखीचा! म्हणजे पुन्हा भैय्या. "मानसशास्त्रीय युद्ध" या अर्थाचा इंग्रजी शब्द १९२० मधे फुलर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या लिखाणात येतो. दुसऱ्या महायुद्धात हॉव्हलंड नावाचा मानसशास्त्रज्ञ अमेरिकन सैनिकांना प्रचारपट दाखवून आधी-नंतर तपासत होता, निघालं असं की माहिती वाढते पण लढायची इच्छा काही फारशी वाढत नाही. लाझर्सफेल्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९४० च्या अमेरिकन निवडणुकीत ओहायोतल्या एका काउंटीत तेच बघितलं, लोक रेडिओपेक्षा ओळखीच्या जाणकार माणसाचं ऐकतात. शिल्स आणि जॅनोविट्झ, हे दोघं समाजशास्त्रज्ञ लष्कराच्या मानसशास्त्रीय युद्ध विभागात होते, त्यांनी १९४८ ला जर्मन कैद्यांवरून लिहिलं की जोवर तुकडीतले दहा-बारा जण एकमेकांना धरून होते तोवर मोठमोठ्या विचारांची पत्रकं वाया गेली.

राहिला शॅनन, अमेरिकन गणितज्ञ. आपल्या महूला लष्कराच्या सिग्नलवाल्यांचं कॉलेज आहे, तिथल्या पोरांना तो पाठ असतो. १९४८ चा त्याचा माहितीचा सिद्धांत सगळे शिकवतात, पण १९४५ मधे त्यानं सांकेतिक लिपीवर गुप्त अहवाल लिहिला होता, आणि दोन्ही कामं एकाच टेबलावरची. निरोपात गोंगाट मिसळला की काय होतं हा त्याचा प्रश्न. आपण "ध चा मा" म्हणतो, तो गोंगाट नव्हता, तो कुणीतरी हातानं घातलेला होता, आणि शॅननच्या गणितात हात घालणाऱ्याची जागा कुठे यावर मला अजून वीस मिनिटं बोलायचं होतं, पण दुसरी चिठ्ठी आलीये. ते पाच किलो मीठ आम्हाला पुढच्या दिवाळीपर्यंत पुरलं. प्रश्न विचारा आता.