भावकीची विहीर आणि बारा जणांचं विमान

मंडळी, विमानावरचं व्याख्यान ऐकायला आलात आणि मी सुरुवात विहिरीने करणार आहे, तेवढं सांभाळून घ्या. आमचं गाव सटाण्याकडचं. विहीर चार भावांत सामायिक. पाळ्या आजोबांनी ठरवून दिलेल्या, त्यावरून कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही. भांडणं व्हायची मोटर जळाल्यावर. ज्याच्या पाळीत जळाली त्याने भरायचं, की चौघांनी? तो म्हणायचा, “ती आठ दिवसांपासून आवाज करत होती.” मग आठ दिवस बोलला का नाहीस? यावर सगळे गप्प.

पुढे नोकरीसाठी मी काही वर्षं अमेरिकेत राहिलो. तिथे बारा जणांच्या एका फ्लाइंग क्लबात शिरलो. बारा माणसं, एक विमान. सेस्ना १७२, चार आसनांचं. हे मॉडेल १९५६ पासून बनतंय आणि आमचं त्यातलं बरंच वयस्कर होतं. उडवायला शिकलो खरा, पण माझ्या वाट्याला आलं ते खजिनदाराचं काम. हिशेबाला बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं, एवढीच माझी पात्रता.

विमान विकत घेणं सोपं असतं हो. उभं राहून खातं, तिथे क्लब बुडतात. हँगरचं, म्हणजे विमान ठेवायच्या शेडचं भाडं, विमा, वार्षिक तपासणी, हे तुम्ही उडा किंवा उडू नका, भरावंच लागतं. समजा हा खर्च वर्षाला बारा लाख. विमान तीनशे तास उडालं तर तासामागे चार हजार पडतात, साठ तास उडालं तर वीस हजार. दर वाढला की लोक कमी उडतात, कमी उडाले की दर आणखी वाढतो. म्हणून उभा खर्च महिन्याच्या वर्गणीतून काढायचा आणि तासाच्या दरात फक्त उडण्याने होणारा खर्च धरायचा: इंधन तासाला तीस-पस्तीस लिटर, ऑइल, आणि इंजिनाचा निधी.

या निधीवर जरा थांबतो. अशा इंजिनाचं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्ती, साधारण दोन हजार तासांनी करायचं असतं. त्याला तीस लाख लागणार असं धरलं, तर प्रत्येक तासामागे दीड हजार बाजूला पडले पाहिजेत. आमच्याकडे पडत होते. मग एका वर्षी सर्वानुमते ठरलं की विमानाला नवा रंग द्यायचा. पैसे कुठले? निधीतले. मीच चेक लिहिला. विमान दिसायला लागलं नवरीसारखं. पुढच्या ऑइल बदलात मेकॅनिकने नेहमीप्रमाणे फिल्टर कापून उघडला, तर आत धातूचा चुरा. इंजिन उतरवावं लागलं, विमान सात महिने जमिनीवर, आणि बारातले तिघे सोडून गेले.

चुरा कसला होता? कॅमशाफ्टचा. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा. आमच्या विमानाच्या लायकमिंग इंजिनात तो वरच्या बाजूला असतो. विमान बरेच दिवस उभं राहिलं की त्यावरचं ऑइल निथळून खाली येतं, उघड्या पडलेल्या लोखंडाला दमट हवेत गंज धरतो, आणि पुढे तो गंज झिजवत बसतो. आमचा एक भला सभासद दर रविवारी येऊन दहा मिनिटं इंजिन चालू करायचा, ‘त्याला बरं वाटावं’ म्हणून. त्याने उलट वाईटच होतं. जमिनीवर ऑइल पुरेसं तापत नाही, आतलं पाणी उडून जात नाही, ज्वलनातून नवं मात्र तयार होतं. उडवायचं तर चांगलं अर्धा-पाऊण तास उडवा, नाहीतर हात लावू नका. आपल्याकडचे जून ते सप्टेंबर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कळेल.

मीटरचीही एक गंमत. हॉब्स मीटर घड्याळासारखा पळतो, टॅक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर. हॉब्सवर पैसे घेतले की लोक इंजिन गरम व्हायच्या आत निघतात आणि थ्रॉटल ठोकून घरी येतात. टॅकवर घेतले की निवांत वागतात. आम्ही टॅकवर आलो. माणसं तीच, इंजिनाचे हाल कमी झाले.

आता पुन्हा ती मोटर. उतरल्यावर काही बिघाड जाणवला, ज्याला या धंद्यात स्नॅग म्हणतात, तो वहीत लिहायचा. लिहिला की विमान मेकॅनिकने पाहीपर्यंत उभं, म्हणजे पुढच्या सभासदाचा शनिवार गेला. भिडेपोटी माणूस लिहीत नाही. एकदा ब्रेक ओढतोय हे तिघांनी अनुभवलं आणि चौथा धावपट्टीवरून गवतात गेला. कुणाला लागलं नाही. त्यानंतर नियम केला: स्नॅग लिहिणाऱ्याला कुणी जाब विचारायचा नाही, आणि विमान उभं करायचा अधिकार एकाच माणसाला, ज्याचं स्वतःचं बुकिंग त्या आठवड्यात नसेल. आमच्याकडे मोसम-आरमच्या खोऱ्यात फडावर, म्हणजे सामायिक पाटाखालच्या शेतांवर पाणी सोडायला पाटकरी असतो, शेतकरी स्वतः बारं फोडून पाणी वळवत नाही. हे मी तिथल्या मंडळींना समजावलं तेव्हा त्यांना फार आवडलं.

दरवेळी मला विचारतात, असा क्लब आपल्या नाशिकला का नाही? आपल्याकडे क्लब होते. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ चा, जेआरडी टाटांचं लायसन्स १९२९ चं. पण आता क्लब म्हणजे व्यावसायिक लायसन्सचे २०० तास पुरे करायला आलेली मुलं. हौशी बारा जणांचं एक विमान ही कल्पना मागे पडली. आणि इथे विमान ठेवणार कुठे? ओझरची धावपट्टी एचएएलची, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीची, आणि नाशिकच्याच गांधीनगरची आर्मी एव्हिएशनची. शिवाय मे महिना. आपण दोन हजार फुटांच्या आसपास राहतो. पारा चाळिसावर गेला की विमानाला ती साडेपाच हजार फुटांवरची विरळ हवा वाटते. धावपट्टी जास्त लागते, चढाई मंदावते. चार दणकट नाशिककर आणि भरलेली टाकी असा बेत दुपारी दोनला करू नये.

तरीही मला भेटायला सहा जण आलेत. दोन द्राक्षबागायतदार, एक दातांच्या डॉक्टर, बाकी ओझरचे निवृत्त. विमान कुठलं घ्यायचं यावर त्यांचं तासभर रंगलं. मी विचारलं, वही कोण लिहिणार? तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, “मी लिहीन, पण माझं अक्षर तुम्हाला लागणार नाही.”