एक दिवस, एक सेकंद

श्रोतेहो, नमस्कार. कारखान्यात कार्ड पंच करणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको. यंत्रात कार्ड सरकवायचं, खट्ट आवाज होतो, वेळ उमटते, हजेरी लागते.

न्यूयॉर्कमध्ये एका कलावंताने असं कार्ड वर्षभर पंच केलं, तेही दर तासाला, दिवसरात्र. नाव तेचिंग श्ये. जन्म 1950चा, तैवानचा. जहाजावर खलाशी होऊन 1974 मध्ये अमेरिकेत उतरला आणि चौदा वर्षं कागदपत्रांविना राहिला. ज्याची सरकारदरबारी नोंद नाही, तो माणूस स्वतःची हजेरी लावत होता. हे ध्यानात ठेवा.

11 एप्रिल 1980, संध्याकाळचे सात. डोक्याचा गोटा केलेला, अंगात कामगाराचा गणवेश. नियम त्याने आधीच लिहून जाहीर केले होते. तासाच्या ठोक्याला कार्ड पंच करायचं आणि लगेच खोलीबाहेर पडायचं. शेवटचं पंचिंग 11 एप्रिल 1981, संध्याकाळी सहाला. पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस अर्धवट, म्हणून वर्ष 365 दिवसांचं, पण कार्डं 366. लबाडीची शंका नको म्हणून प्रत्येक कार्डावर साक्षीदाराची सही.

काम कुठलं? कुठलंच नाही. नुसती हजेरी.

आता हिशेब बघा. दर तासाला पंच म्हणजे सलग तासभरही झोप नाही. घराबाहेर जायचं तर जाऊन-येऊन तासाच्या आत, म्हणजे अर्ध्या तासाच्या वाटेपलीकडे जाणंच नाही. असे 8760 ठोके. त्यातले 133 चुकले, आणि तेही त्याने लपवले नाहीत, कारणांसकट मांडून ठेवले. 94 वेळा झोप लागली. 29 वेळा उशीर झाला. 10 वेळा घाईने आधीच पंच झालं. पुन्हा सांगतो: झोपेमुळे 94, उशिरामुळे 29, घाईमुळे 10. माझ्या मते या कामाचं काळीज या तीन आकड्यांत आहे. 133 चुका नसत्या, तर तिथे माणूस होता की नुसतं यंत्र, हे कळलं नसतं.

प्रत्येक पंचाबरोबर सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने त्याचं एकच चित्र टिपलं जाई. फिल्म सेकंदाला चोवीस चित्रांनी चालते आणि दिवसाचे तास चोवीस. म्हणजे त्याचा एक दिवस आपल्यासमोर एका सेकंदात जातो. अख्खं वर्ष सुमारे सहा मिनिटांत. घड्याळाचा तासकाटा गरागरा फिरतो, माणूस जागच्या जागी थरथरतो, आणि डोक्यावरचे केस वाढत खांद्यापर्यंत उतरतात. झोप लागली त्या तासाचं चित्रच नाही.

जाता जाता एक बोलतो. कलादालनात असे व्हिडिओ लावतात आणि समोर साधा बाकही ठेवत नाहीत. सहा मिनिटं उभ्याने कोण बघणार? काळावरचं काम दाखवायचं, तर बघणाऱ्याला आधी बसवा.

घरी करून बघायचं असेल, तर तासाचा नाद नको. रोज सकाळी एकाच वेळी एक फोटो. फोनचा स्टँड जिथे ठेवाल, तिथे फरशीवर चिकटपट्टीने तिन्ही पायांच्या खुणा करा. केर काढताना स्टँड बोटभर जरी सरकला, तरी नंतर भिंत उड्या मारते आणि चेहऱ्याकडे लक्षच राहत नाही. स्वतः उभं राहण्याच्या जागीही पट्टी लावा. डोळे दर वेळी पडद्यावर त्याच उंचीला आले पाहिजेत. फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, नाहीतर फोन रोज आपल्या मनाने उजेड ठरवतो आणि फिल्म लुकलुकते. खिडकीच्या उन्हावर विसंबू नका, पडदा ओढून एकच दिवा लावा. आणि एखादा दिवस चुकला, तर कालचा फोटो पुन्हा चिकटवू नका. वहीत तारीख आणि कारण लिहा.

वर्षाचे 365 फोटो जोडलेत, की पंधरा सेकंदांची फिल्म होते. ती बघताना चुकलेल्या तारखांची वही शेजारी उघडी ठेवा. नमस्कार.