हिज्कीयाचं पाणी

जेरुसलेमच्या पोटातला हा बोगदा. लांबी ५३३ मीटर, आत मिट्ट काळोख आणि पायाखाली वाहतं गार पाणी. पाथरवटांच्या दोन टोळ्या दोन टोकांनी खडक फोडत निघाल्या होत्या. शेवटचे तीन हात उरले, तेव्हा पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली. हे त्यांनीच भिंतीवर कोरून ठेवलं. १८८० मध्ये सापडलेल्या त्या लेखात राजाचं नाव मात्र नाही.

ते बायबल सांगतं : हिज्कीया, यहूदाचा राजा. जेरुसलेम ही यहूदाची राजधानी. गादीवर आला तेव्हा पंचविशीतला. बाप आहाज असिरियाला, त्या काळच्या बलाढ्य साम्राज्याला, खंडणी भरत आलेला. शेजारचं इस्राएलचं राज्य तर इ. स. पू. ७२२ च्या सुमारास असिरियानं पार पुसलं. हिज्कीयानं घरापासून सुरुवात केली. देवळातला पितळी सर्प, थेट ज्यूंचा आद्य संदेष्टा मोशे यानं घडवलेला म्हणून मानलेला, लोक त्यापुढे धूप जाळायचे. यानं तो फोडून टाकला. लोकांना काय वाटलं असेल!

इ. स. पू. ७०५ मध्ये असिरियाचा सम्राट सार्गोन लढाईत पडला आणि हिज्कीयानं खंडणी थांबवली. आता फौज येणार, हे उघड होतं. गीहोनचा झरा तटाखालच्या उतारावर. वेढ्यात तोच हातचा गेला तर? म्हणून हा बोगदा. पाणी थेट शहरातल्या शिलोहच्या तळ्यात.

७०१ मध्ये असिरियाचा नवा सम्राट सन्हेरीब आलाच. यहूदाचं तटबंद शहर लाखीश पडलं. तटाला लावलेला मातीचा चढाव, बायकापोरांसह निघालेले कैदी, सगळं त्यानं आपल्या राजधानीतल्या, निनवेच्या राजवाड्यात दगडात कोरून घेतलं. ४६ तटबंद शहरं घेतली, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला, अशी त्याची बढाई. पण जेरुसलेम घेतलं, असं तो कुठेच म्हणत नाही. बायबल म्हणतं, देवदूतानं एका रात्रीत छावणी मारली. खंडणी मात्र भरावी लागली, हे दोघांनाही मान्य. सोनं ३० किक्कार (किक्कार म्हणजे तेव्हाचं एक मोठं वजन); चांदी बायबलच्या हिशेबात ३००, सन्हेरीबच्या ८००. जिंकणाऱ्याचा आकडा नेहमी मोठाच!

राजाचं नाव जेरुसलेमच्या मातीतही निघालं. राजवाड्याच्या परिसरातल्या उकिरड्यात सेंटीमीटरभर मातीचा गोळा सापडला; २०१५ मध्ये ते जाहीर झालं. त्यावर मोहोर : ‘हिज्कीया, आहाजचा पुत्र, यहूदाचा राजा’. मागच्या बाजूला बारीक दोऱ्यांचे वळ आहेत. त्या दोऱ्यांनी बांधलेलं पपायरसचं पत्र केव्हाच कुजून गेलंय.