लाट सेकंदांत मोजा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर आजचा विषय ‘हवाईच्या किनाऱ्यावर सर्फिंग : जाण्याआधी काय पाहावं’ असा छापला आहे. पुढच्या रांगेत काहीजण वह्या उघडून बसलेत. त्यांची तिकिटं बहुतेक निघालेली असावीत. त्यांच्यासाठी बोर्ड, जागा, पाण्यातली शिस्त हे सगळं सांगायचंच आहे. पण त्याआधी एक जुनी तक्रार मांडू द्या, कारण ती मिटल्याशिवाय पुढचं काही नीट कळणार नाही.

दर पावसाळ्यात मुंबईत एक बातमी हमखास येते : ‘आज दुपारी ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार.’ मग लोक सहकुटुंब मरीन ड्राइव्हला जातात, सोबत कणीस वगैरे. आता हा ४.८ चा आकडा लाटेचा नसतोच, तो भरतीचा असतो. समुद्राच्या तक्त्यात एक शून्य पातळी धरलेली असते, साधारण सगळ्यात खोल ओहोटीच्या आसपासची. तिच्यापासून पाणी किती चढणार, ते या आकड्यात सांगितलेलं असतं. मुंबईचं सरासरी पाणीच त्या शून्याच्या वर अडीच मीटर असतं. म्हणजे ४.८ ची भरती ही सरासरीपेक्षा सव्वादोन-अडीच मीटर वर, आणि तीही सहा तासांत गुपचूप चढणारी. महापालिकेला हा आकडा हवा असतो तो नाल्यांसाठी. समुद्र चढला की नाल्यांच्या तोंडातून पाणी बाहेर पडेना होतं आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस असला की शहर तुंबतं. अगदी उपयोगाचा आकडा आहे. त्याला लाट म्हणू नका, एवढंच मागणं. वारा पडलेला असेल तर ४.८ च्या दिवशी कठड्यावर बसून चणे खाता येतील. उलट बाहेर वादळ असेल तर साध्या भरतीलासुद्धा पाणी कठड्यावरून रस्त्यावर येईल.

मालवण-देवगडच्या मंडळींनो, हसू नका. उधाण (मोठी भरती) कधी, भांग (लहान भरती) कधी हे बघून होडी काढणारा माणूस भरतीची आणि लाटेची गल्लत करत नाही, हे मान्य. पण त्याच माणसाला हवाईतल्या ओआहू बेटावर नेऊन उभा करा, तिथे त्याचं निम्मं ज्ञान खिशातच राहील. तिथे भरती-ओहोटीत फरक जेमतेम दोन-अडीच फुटांचा. पाणी चढलं काय, उतरलं काय, किनाऱ्याकडे बघून पटकन कळतही नाही. तिथला सगळा कारभार लाटेचा, आणि लाट समजून घ्यायची तर दोन आकडे लागतात. एक उंची. ती सगळे विचारतात. दुसरा आकडा म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत जाणारे सेकंद. तो कुणीच विचारत नाही. माझं आजचं म्हणणं या दुसऱ्या आकड्याबद्दल आहे.

दोन मीटर उंचीच्या दोन लाटा घ्या. एकीचे सेकंद आठ, दुसरीचे सोळा. खोल पाण्यात लाटेची लांबी काढायची तर सेकंदांचा वर्ग करायचा आणि त्याला १.५६ ने गुणायचं. आठ सेकंदांची लाट शंभर मीटर लांब, सोळा सेकंदांची चारशे मीटर. सेकंद दुप्पट, लांबी चौपट. लाटेचा पाय तिच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत खाली पोचतो. म्हणजे आठवालीला पन्नास मीटर खोलीवर तळ लागायला लागतो आणि सोळावालीला दोनशे मीटरवरच. बोटीत बसलेल्याला दोघी सारख्याच वाटतील, सोळावाली तर जास्त सभ्य, सावकाश उचलते आणि सावकाश ठेवते. उथळ खडकावर आल्यावर मात्र आठवाली होती तेवढीच राहून मोडते आणि सोळावाली सहज दीड-दोन पट उभी राहते. आणि तिच्यामागे चारशे मीटर पाणी चालत येत असतं.

मग आपल्या कोकणात असं का होत नाही, हा प्रश्न दरवेळी येतो. मुंबईसमोर समुद्राचा तळ तीनेकशे किलोमीटरपर्यंत उथळच आहे. लांब लाट आली तरी एवढं अंतर तळाला घासत येते आणि दमते. शिवाय आपल्या पावसाळी लाटा जवळच्या वाऱ्याच्या, थोड्या सेकंदांच्या, एकमेकींच्या अंगावर पडणाऱ्या. ओआहू हे ज्वालामुखीचं बेट. चार-पाच किलोमीटर खोल तळावरून सरळ वर आलेलं. त्याला उथळ पायरीच नाही. कॅलिफोर्नियापासून ते ३,८०० किलोमीटरवर आहे आणि अध्येमध्ये अडवायला कुणी नाही. लाट खोल पाण्यातून येते ती थेट खडकावर.

ती येते कुठून? हिवाळ्यात अल्यूशन बेटांच्या खाली, उत्तर पॅसिफिकमध्ये, वादळं रांगेनं जातात. तिथला वारा लाटा तयार करतो आणि त्या दक्षिणेकडे निघतात. लाटांच्या जथ्याचा वेग काढायला सोपी रीत आहे : सेकंदांची दीडपट केली की तेवढ्या नॉट. सोळा सेकंदांचा जथ्था चोवीस नॉटने, म्हणजे ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास चालतो. वादळ २,७०० किलोमीटरवर असलं तर लाट पोचायला साठ तास. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की जास्त सेकंदांच्या लाटा जास्त वेगाने चालतात, म्हणून त्या आधी पोचतात. पहिल्या येतात त्या अठरा-वीस सेकंदांच्या, उंचीने लहान, आणि बऱ्याच वेळाने एखादी. किनाऱ्यावरचा माणूस म्हणतो, आज काही विशेष नाही. आणि दोन तासांनी समुद्र ओळखू येत नाही.

याचं उदाहरण सांगतो. तिथला प्रत्येक सर्फर ते जाणतो. डिसेंबर १९४३. वुडी ब्राउन आणि डिकी क्रॉस हे दोघे ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर, सनसेट बीचला पाण्यात उतरले. बोर्ड लाकडी आणि जड. बोर्ड पायाला बांधायची दोरी तेव्हा नव्हतीच, ती १९७० च्या दशकातली. दोघे आत असताना लाटा वाढत गेल्या. सनसेटला दोन खडकांच्या मधे खोल पाण्याची वाट आहे. आत जायला तीच, आणि साधारण समुद्रात तिच्या कडेने बाहेरही येता येतं. वाढत्या लाटा त्या वाटेवरही मोडायला लागल्या आणि दार बंद झालं. मग त्यांनी ठरवलं की किनाऱ्याला समांतर वल्हवत वायमियाला जायचं, अंदाजे पाच किलोमीटर. वायमिया उपसागर मधोमध खोल, तिथे लाट मोडत नाही असा समज. तोवर अंधार पडत आला होता. पोचून पाहतात तर वायमियाही या टोकापासून त्या टोकापर्यंत मोडतोय. डिकी क्रॉस परत आला नाही. वुडी ब्राउन बोर्ड गमावून, लाटांनी बडवलेला, वाळूवर फेकला गेला आणि वाचला. पुढे चौदा वर्षं वायमियाच्या मोठ्या लाटेला कुणी हात लावला नाही. नोव्हेंबर १९५७ मध्ये ग्रेग नोल आणि काही जण तिथे उतरले, तेव्हा ती भीती मोडली.

ती दोघं अडाणी नव्हती. त्या काळातले उत्तम सर्फर होते. त्यांच्याकडे फक्त येणाऱ्या लाटेची आगाऊ खबर नव्हती. आज ती फुकट मिळते. हवाईतल्याच कौआई बेटाच्या वायव्येला खोल समुद्रात बोया, म्हणजे लाटा मोजणारं यंत्र, तरंगतो. त्याच्यावर सेकंद आणि उंची वाढली की सोळा सेकंदांची लाट साधारण अर्ध्या दिवसात ओआहूला. दुसरा बोया वायमियाच्याच समोर. या बोयाची उंची वाचताना लक्षात ठेवा, ती सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्या दिवसाची एखादी लाट त्याच्या दुप्पटही निघते, आणि माणूस बुडतो तो त्या एखादीत.

हे आपल्याला परकं आहे असंही समजू नका. केरळात वारा नसताना, आभाळ निरभ्र असताना समुद्र घरात शिरतो. तिथले लोक त्याला कल्लकडल म्हणतात. दूर दक्षिणेच्या महासागरातल्या वादळांची ती लांब सेकंदांची लाट. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था त्याचे इशारे देते आणि त्यात सेकंद लिहिलेले असतात. पुढच्या वेळी वाचा.

आता फुटांचा घोळ. हवाईत लाट मागच्या बाजूने मोजायची पद्धत आहे. समोरून दिसणाऱ्या भिंतीच्या जवळपास निम्मा आकडा. तिथला माणूस सहज म्हणेल, ‘सहा फूट आहे.’ समोर उभी राहते ती दहा-बारा फुटांची. आपल्याकडे गळाला लागलेला मासा सांगताना वाढतो, त्यांची लाट सांगताना आटते. एडी आयकाऊच्या नावाने वायमियाला स्पर्धा होते, ती लाट वीस फूट झाल्याशिवाय भरवतच नाहीत. वीस म्हणजे त्यांचे वीस, समोरून चाळीस. म्हणून कित्येक वर्षं ती होतच नाही. २०१६ नंतर थेट २०२३. एडी हा १९६८ पासून वायमियाचा जीवरक्षक होता. १९७८ मध्ये होकुलेआ ही पारंपरिक होडी उलटली, तेव्हा मदत आणायला तो बोर्डवरून एकटा निघाला. होडीवरचे बाकीचे वाचले. तो कधीच सापडला नाही. त्याच्यावर खरं तर एक वेगळं व्याख्यान व्हायला हवं, संयोजकांनी मनावर घ्यावं…

संयोजकांनी वेगळंच मनावर घेतलेलं दिसतंय, चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणतायत. बरं, वह्यावाले, लिहून घ्या.

महिना. नॉर्थ शोर, म्हणजे हालेइवापासून सनसेटपर्यंतचा अकराएक किलोमीटरचा पट्टा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी जोरात असतो. जुलैत त्याच वायमियात पोरं डुंबतात. उन्हाळ्यात लाटा दक्षिण गोलार्धातून येतात आणि ओआहूच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वायकिकीला लागतात. शिकायचं असेल तर वायकिकीलाच जा, कोणत्याही महिन्यात. लाट लांबून, सावकाश येते. नऊ-दहा फुटी मऊ फोमचा बोर्ड भाड्याने घ्या. लहान बोर्ड घेऊन ऐटीत जाणाऱ्याला लाट मिळत नाही, कारण तो बोर्ड माणसाला नीट उचलून धरत नाही. वायकिकीलाही खाली खडक आहे. पडताना डोकं पुढे घालून सूर मारू नका. आडवे पडा, हात डोक्यावर, आणि वर आल्यावर लगेच उभं राहायचा प्रयत्न नको.

हिवाळ्यात नॉर्थ शोर बघायला जरूर जा. एहुकाई बीचवरून पाइपलाइन नावाची लाट दिसते, अगदी हाकेच्या अंतरावर. खडक काही ठिकाणी माणसाच्या कमरेएवढ्या पाण्याखाली आहे, त्यात खाचा आणि पोकळ्या. ती लाट बघण्यासाठी आहे, ज्यांच्यासाठी नाही त्यांना हे सांगायची गरज पडणार नाही. वाळू किंवा खडक ओला असेल तर तिथे उभं राहू नका, लाट तिथवर येऊन गेलेली आहे. वायमियाला तर काठावर मोडणारी लाटच मान मोडते. पाठ फिरवून फोटो नको. आणि हमरस्ता दोन पदरी आहे, लानियाकेआजवळ कासवं बघायला गाड्या थांबतात आणि तास जातो. सकाळी निघा. मोठे बोर्ड बसमध्ये घेत नाहीत.

आता ज्यांना सर्फिंग येतं त्यांच्यासाठी. उतरण्याआधी अर्धा तास नुसतं बघा, घड्याळ लावून. मोठ्या लाटा चार-सहाच्या झुंडीने येतात आणि मधे पंधरा-वीस मिनिटं शांतता असते. पाच मिनिटं बघून उतरणारा त्या शांततेला फसतो. झुंडीतल्या दोन शिखरांमधले सेकंद स्वतः मोजा, बोयाच्या आकड्याशी ताडून बघा. बोयावर आकडा चढता असेल तर उतरू नका, उतरता असेल तर विचार करा. पाणी किनाऱ्याकडून परत कुठून जातंय ते हेरा. गढूळ, फेसाळ पट्टा आणि त्यावर लाट मोडत नाही, ती वाट. जायला ती, परत यायला ती नव्हे. ओढले गेलात तर तिच्याशी भांडू नका, आडवे सरका.

बोर्ड. पाइपलाइनला सहा ते साडेसात फूट, वायमियाला साडेनऊ ते अकरा. कारण पुन्हा सेकंदच : लांब लाट वेगाने येते, तिच्या वेगाला गाठायला लांब बोर्डच लागतो. दोरी बोर्डाएवढी लांब, तिचा पट्टा आणि बोर्डाकडची गाठ रोज ओढून बघा. बोर्डावर पाय घसरू नये म्हणून लावायचं मेण गरम पाण्याचं घ्या. पाणी चोवीस-पंचवीस अंशांचं असतं, थंड पाण्याचं मेण त्यात वितळून पायाखालून सरकतं.

वाऱ्याचं एकच वाक्य : नॉर्थ शोरला पूर्वेचा वारा असेल तर लाट स्वच्छ, कारण तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. उत्तर-वायव्येचा, म्हणजे समुद्राकडून येणारा, आला की तो दिवस भटकंतीसाठी ठेवा.

शिस्त. लाट जिथे मोडायला सुरुवात होते त्याच्या सगळ्यात जवळ जो, लाट त्याची. त्याच्या पुढ्यात घुसायचं नाही. वळसा घालून त्याच्याही आत जाऊन बसायचं नाही. नवख्याने कडेला बसावं, दुसऱ्यांनी सोडलेल्या लाटा घ्याव्यात, गप्प राहावं. मदत हवी तर एक हात सरळ वर करून हलवा, जीवरक्षकाची नजर असते. प्रवाळाने कापलं तर गोड्या पाण्याने खसखसून धुवा. कण आत राहिला तर जखम आठवडाभर चिघळते.

संयोजक उभे राहिलेत. सनस्क्रीनचं तेवढं : ऑक्सिबेंझोन किंवा ऑक्टिनॉक्सेट असलेलं तिथे १ जानेवारी २०२१ पासून विकायलाच बंदी आहे, प्रवाळासाठी. झिंक ऑक्साइडचं घ्या, तोंड पांढरं दिसतं, तिथे सगळ्यांचंच दिसतं. प्रश्न बाहेर चहाच्या टेबलाशी घेतो.