दोऱ्याची वाट, वाऱ्याची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

आपण नागपूरकर अंतराच्या बाबतीत जरा लाडावलेलेच. झिरो माइल आपल्या गावात! त्या दगडावर हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा, चांदा असे सगळ्यांचे मैल कोरून ठेवलेत. सडकेचे मैल कोरता येतात, कारण सडक जागची हलत नाही. विमानाच्या वाटेचं तसं नाही.

शेजारच्या काकूंची लेक सॅन फ्रान्सिस्कोला असते. मागे एकदा ती दिल्लीहून निघाली आणि काकू माझ्याकडे आल्या. "सर, अमेरिका पश्चिमेला ना? मग हिचं विमान जपानकडे कुठं चाललंय?"

मी पृथ्वीगोल काढला. काकूंनी शिवणाच्या डब्यातलं रीळ आणलं. दिल्लीवर एक टोक धरून दोरा सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ताणला, तर तो ना पूर्वेला गेला ना पश्चिमेला. सरळ वर सरकला, आर्क्टिकच्या बर्फाकडे. ही सर्वांत जवळची वाट, साधारण 12,400 किलोमीटरची.

मग विमान त्याच वाटेने का नाही जात? एक तर मध्ये तिबेट आहे. विमानातला हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला झटपट 10,000 फुटांपर्यंत खाली यावं लागतं. तिबेटचं पठारच मुळी सुमारे 15,000 फुटांवर! उतरणार कुठं?

आणि दुसरा, खरा गमतीचा मामला वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे वेगवान पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. 2016च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने हाच हिशेब मांडला. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर, तेही समोरचा वारा कापत. ते त्यांनी पॅसिफिकवरून वळवलं. अंतर झालं 15,300 किलोमीटर, म्हणजे 1,400 जास्त. वेळ? साडेचौदा तास, आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी! सायकलवर पाठीशी वारा घेऊन वर्धा रोडला निघालेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

बरं, पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोचतं, असं काही जण छातीठोकपणे सांगतात. तसं नाही हो. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

काकूंना हे पटलं. अडलं ते घड्याळापाशी. समजा, उन्हाळ्यात पहाटे अडीचला विमान सुटलं. साडेचौदा तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे पाच. तिथलं घड्याळ तेव्हा साडेबारा तास मागे, म्हणजे पहाटेचे साडेचार, आणि तारीख तीच.

काकूंनी बोटं मोजली. "म्हणजे दोनच तासांत पोचली की! नागपूरहून दिल्लीला जायलाच याहून जास्त वेळ लागला तिला."

आणि दोरा रिळाला गुंडाळत त्या घरी गेल्या.